वर्गणीदारांची मराठी

२०१७च्या मे महिन्यात 'लागिरं झालं जी' ही मालिका झी मराठी वाहिनीवर सुरू झाली आणि २०१९च्या जूनपर्यंत चालली. तिचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यात झाले होते. सैन्यात भरती होण्याचे स्वप्न पाहणारा अजिंक्य आणि त्याची शीतल ही आपल्याच मुलखातली मुले आपल्याच बोलीत बोलत होती. तेजपाल वाघ यांच्या लेखणीतून उतरलेली ती भाषा फलटणच्या बाजारात आणि एस.टी. स्थानकावर रोज कानी पडणारी. या बोलीचे मोल अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले होते. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांवर प्रबंध लिहून १९७३ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे त्या इथेच राहून मुलांच्या शिक्षणात रमल्या. प्रबंधातल्या त्या बोलीला दूरचित्रवाणीवर नायक-नायिकेचा मान मिळायला मात्र पुढे चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.

मालिकेत दोष नव्हते असे नाही. लग्नानंतर कथानक रेंगाळले, रोजच्या भागाचे रांजण भरण्यासाठी प्रसंगांत पाणी घालावे लागले. तरीही एक गोष्ट निर्विवाद होती. ज्यांच्यावर ती बेतलेली होती त्या सर्वांना ती पाहता आली. केबलचे महिन्याचे पैसे भरणाऱ्या कोणत्याही घरात शेतमजूर, शिक्षक आणि सुभेदार ती एकाच वेळी पाहत होते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर वाद घालत होते.

गेल्या काही वर्षांत मराठीतील नवी, आटोपशीर आणि गंभीर निर्मिती या उघड्या अंगणातून उठून बंद खोल्यांत गेली आहे. प्रत्येक खोलीला वेगळे कुलूप आणि प्रत्येक कुलपाची वेगळी वर्गणी. 'अमुक मालिका चांगली आहे म्हणतात, पण ती आमच्याकडे दिसत नाही' हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. या वैतागाकडे केवळ ग्राहकाची कुरकुर म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. प्रश्न पैशाचा आहेच, पण त्याहून अधिक तो मराठीच्या प्रेक्षकवर्गाचे दोन तुकडे पडण्याचा आहे. दोन-तीन कलाकृती समोर ठेवून त्याचा विचार करू.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत दाखवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. ताम्हाण्यांचा आधीचा 'कोर्ट' २०१५ साली चित्रपटगृहांत लागला होता, तिकीट काढून कोणालाही पाहता येत होता. 'द डिसायपल' मात्र ३० एप्रिल २०२१ रोजी थेट नेटफ्लिक्सवर आला. ते महामारीचे दिवस होते, चित्रपटगृहांना टाळी होती, त्यामुळे त्या निर्णयाला दोष देता येणार नाही. पण महामारी सरली तरी चित्रपट त्याच खोलीत राहिला.

चित्रपटाचा विषय पाहिला म्हणजे या योगायोगाचे नवल वाटते. शरद नेरूळकर हा हिंदुस्थानी संगीताचा साधक. त्याची श्रद्धा 'माई' नावाच्या एका दिवंगत गायिकेवर आहे. माईंनी आपले गाणे जगापुढे येऊ दिले नाही. त्यांच्या भाषणांच्या दुर्मीळ ध्वनिफिती मोजक्या लोकांच्या हाती आहेत. रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यावरून शरद दुचाकीने संथपणे जात असतो, तंबोऱ्याच्या सुरावर माईंचा आवाज त्याच्या कानांत चालू असतो. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या थोडेच दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. पोटासाठी शरद जुन्या ध्वनिमुद्रणांचे काम करतो, मैफिलीच्या दाराशी त्यांच्या तबकड्या विकतो. पुढे दुर्मीळ मुद्रणांचा एक संग्राहक माईंविषयी काही बोचरे बोलतो आणि शरदच्या श्रद्धेला तडा जातो.

कला थोड्यांच्या हाती राखून ठेवली तर ती शुद्ध राहते की कोमेजते, हा या चित्रपटाचा गाभ्याचा प्रश्न. ताम्हाणे त्याचे उत्तर देत नाहीत. राखून ठेवलेल्या विद्येची मोहिनी ते दाखवतात आणि तिने एका माणसाचे आयुष्य कसे कोरडे केले तेही दाखवतात. अखेरीस, आगगाडीच्या डब्यात एक गरीब गायक गात येतो. त्याच्याजवळ ना घराणे ना गुरूची फीत. गाडीत बसलेल्या प्रत्येकासाठी तो गातो. शरद त्याच्याकडे पाहत राहतो. चित्रपटाचे सारे शल्य त्या पाहण्यात आहे.

मुळात हा चित्रपट मोठ्या पडद्यासाठी घडवलेला आहे. कॅमेरा दूर ठेवलेला, चौकट स्थिर, मधोमध लहानसा दिसणारा गायक आणि भोवती बसलेले श्रोते. त्या श्रोत्यांचे चेहरे वाचता आले तरच शरदच्या अपयशाची वेदना कळते, कारण दिग्दर्शक ती संवादात सांगत नाही. आता नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१मध्ये भारतातील आपली सर्वांत स्वस्त वर्गणी महिना १९९ रुपयांवरून १४९ रुपयांवर आणली. ती फक्त मोबाइल फोन वा टॅब्लेटसाठी होती, दूरचित्रवाणी संचासाठी नव्हती. म्हणजे कमी पैशांत येणाऱ्या प्रेक्षकाने ही चौकट तळहाताएवढ्या काचेवर पाहायची, तीही एकट्याने. ज्या घरांत संध्याकाळची प्रार्थना आणि नंतरची करमणूक दोन्ही एकाच खोलीत, एकत्र बसून होत आली, त्या घरांना हा बदल लहान वाटणार नाही. सोबत बसून पाहण्याने एकाला न कळलेले दुसरा सांगतो, वडीलधारे चॅनल बदलायला लावतात, मुले प्रश्न विचारतात. रसिकता घडते ती अशीच.

दुसरी कलाकृती 'मानवत मर्डर्स'. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी लिववर आलेली ही आठ भागांची मराठी मालिका आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केली. १९७०च्या दशकाच्या आरंभी परभणी जिल्ह्यातील मानवत येथे स्त्रियांचे आणि मुलींचे खून झाले आणि त्यांचा तपास रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याने लावला. त्यांच्याच आठवणींच्या पुस्तकावर मालिका आधारलेली आहे. आशुतोष गोवारीकरांचे कुलकर्णी आवाज न चढवता बोलतात, घाई करत नाहीत. मकरंद अनासपुरे यांना आपण इतकी वर्षे विनोदासाठी ओळखत आलो, त्यांच्या चेहऱ्यावरचे भय इथे पहिल्यांदा दिसते. मराठवाड्याची बोली, दुष्काळाचे सावट, गुप्तधनाच्या आणि संततीच्या लोभाने आंधळी झालेली माणसे या साऱ्यांना मालिकेने सवंग न करता मांडले आहे. आठ भागांत ती संपते, हाही तिचा गुणच.

अशी मालिका कोणी पाहायला हवी? साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धेविरुद्ध बोलत गावोगाव हिंडले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी आणि अघोरी प्रथांविरोधी कायदा झाला. दाभोलकरांना जो श्रोता हवा होता, तो एखाद्या वाडीवस्तीवरचा, बुवाच्या नादी लागू शकणारा. 'मानवत मर्डर्स' ज्याला सर्वाधिक काही सांगू शकते तोही हाच. वर्गणी भरून निवडक गुन्हेकथा पाहणारा शहरी प्रेक्षक ती पाहतो, तिची तारीफ करतो, आणि पुढच्या मालिकेकडे वळतो. औषध आहे, पण ते रोगी नसलेल्या गल्लीतल्या दुकानात ठेवले आहे.

तिसरे उदाहरण याच्या उलट बाजूचे. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची 'समांतर' मार्च २०२०मध्ये एमएक्स प्लेअरवर आली. आपल्या वाट्याचे आयुष्य दुसऱ्या कोणी आधीच जगून झाले आहे, अशी ती विलक्षण कल्पना. तेव्हा ही सेवा जाहिरातींच्या बळावर विनामूल्य चालत होती. फोन आणि इंटरनेट असलेल्या कोणालाही ती पाहता आली, आणि टाळेबंदीत तिची चर्चा खेड्यापाड्यांतही झाली. त्या मालिकेची गती सदोष आहे, शेवट लांबवलेला आहे, पण तिचे दोष काढणारेही सर्व थरांतले होते. इतक्या लोकांनी एकच गोष्ट पाहिली की टीकेला अर्थ येतो. वर्गणीच्या भिंतीमागे टीकाकार बोलतो तेव्हा वाचकाला त्याच्याशी सहमत होता येत नाही आणि भांडताही येत नाही. परीक्षण हा मग एक प्रकारचा प्रवासवृत्तान्त होतो.

चांगली माणसे बंद खोल्यांत का गेली, याचे कारण समजून घेतले पाहिजे. रोजच्या मालिकेचा दिग्दर्शक आठवड्याच्या लोकप्रियतेच्या आकड्यांना बांधलेला असतो. आकडा चांगला आला तर कथा संपवता येत नाही, वाईट आला तर ती मोडावी लागते. ओटीटीने त्याला आठ-दहा भागांची मर्यादा आणि कथेला शेवट दिला, जाहिरातींचे व्यत्यय काढले, धाडसी विषयांना जागा दिली. लेखकाला आणि नटाला कामाचे दाम मिळालेच पाहिजेत, फुकट पाहण्याचा हक्क कोणालाही नाही. तक्रार वर्गणीवर नाही. मराठीतील संयत, विचारी काम वर्गणीच्या आत आणि सासू-सुनांचे न संपणारे रगाडे वर्गणीच्या बाहेर, अशी जी वाटणी होऊ लागली आहे, तिच्यावर आहे. भाकरी एकाला आणि भुस्कट दुसऱ्याला, अशी पंगत मराठीने पूर्वी मांडली नव्हती.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने त्याच पडद्यावरून घराघरांत शिरला. पुस्तक ज्यांनी कधी हाती धरले नव्हते त्यांनाही तो भेटला. त्या काळाचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. वाहिनी एकच होती, ती सरकारी होती, आणि नीरस कार्यक्रमही मुकाट्याने पाहावे लागत. पण 'कोणी पाहावे' हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हते.

खासगी वाहिन्या आल्या तेव्हा कायद्याने या प्रश्नाकडे लक्ष पुरवले, हे आज विसरले जाते. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये सांगितले की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००४ साली ट्रायने नियम केला की वाहिनीने आपले प्रक्षेपण एकाच केबलचालकाला राखून देऊ नये. जो मागेल त्याला ते समान अटींवर द्यावे. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दाखवणाऱ्या खासगी वाहिन्यांना ते प्रक्षेपण प्रसार भारतीबरोबर वाटून घेणे बंधनकारक झाले. फलटणचा केबलचालक मुंबईच्या केबलचालकाइतकाच वाहिनीचा हक्कदार ठरला, तो या नियमांमुळे. इंटरनेटवरून येणाऱ्या मालिकांना असा कोणताही नियम लागू नाही. तार बदलली आणि तारेबरोबर हक्कही गेला.

म्हणून नुसती 'अ‍ॅप फार झाली' ही तक्रार आपल्याला फार दूर नेणार नाही. एक इंग्रजी उदाहरण पाहा. एचबीओच्या गाजलेल्या मालिका ३१ मार्च २०२३ रोजी डिस्ने प्लस हॉटस्टारवरून निघून गेल्या आणि मे महिन्यात जिओसिनेमावर आल्या. आयपीएलचे सामने त्याच वर्षी एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर गेले. एकीकडे वर्गणी भरलेला माणूस दुसऱ्या दारात उभा राहिला. मग १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ही दोन्ही अ‍ॅप मिळून जिओहॉटस्टार झाले, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या प्रतिस्पर्धी वाहिन्यांच्या मालिका एकाच छपराखाली आल्या. दारे कमी झाली म्हणून कुलूप निघाले काय? उलट एकाच मालकाच्या हाती अधिक किल्ल्या गेल्या. अमेरिकेत १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बड्या चित्रसंस्थांना चित्रपटगृहांच्या मालकीवरून फटकारले होते, ते याच भीतीने. जो चित्र काढतो, त्याच्याच हाती ते दाखवायचे की नाही हे ठरवण्याची सत्ता एकवटू नये, एवढाच त्यातला विचार होता.

मराठी वाचकाला यातून बाहेर पडण्याचा मार्ग परका नाही. आपले साहित्य याच वाटेने चालत आले आहे. कथा आधी दिवाळी अंकात येते, अंकाची किंमत मोजणारा ती आधी वाचतो. मग तिचे पुस्तक होते. ते पुस्तक १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या आधाराने चालणाऱ्या तालुक्याच्या वाचनालयात येते आणि महिन्याच्या अल्प वर्गणीवर कोणीही ते घरी नेतो. लेखकाला दाम मिळतो, प्रकाशकाला पहिली विक्री मिळते आणि शेवटी समाजाला पुस्तक मिळते. 'समांतर' ही कादंबरी आपण शेजाऱ्याला वाचायला देऊ शकतो. तिच्यावरची मालिका मात्र देता येत नाही. ती आपल्या मालकीची कधी झालेलीच नसते. जुलै २०२३मध्ये नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेरच्या माणसांशी पासवर्ड वाटून घेण्यालाही बंदी केली. व्यक्तिगत वर्गणीवर घेतलेला चित्रपट सभागृहात लावण्याचीही मुभा नसते. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने १९६८पासून जे केले, दुर्मीळ चित्रपट मिळवून रसिकांना एकत्र बसवून दाखवले, ते कार्य या व्यवस्थेत लहान गावातल्या उत्साही मंडळींना करताच येऊ नये अशी रचना आहे.

याचा एक परिणाम सर्वांना ठाऊक आहे, पण उघड कोणी बोलत नाही. चोरून उतरवलेल्या प्रती फोनवरून फोनवर फिरतात. नियमाने वागणाऱ्या, मुलांना प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या घरांतही 'आपल्याकडे आली आहे ती मालिका' असे सहज म्हटले जाते. हे चूक आहे यात शंका नाही; ज्याने घाम गाळला त्याचा वाटा त्यात बुडतो. पण ज्या व्यवस्थेत सरळ माणसाला सरळ मार्ग महाग आणि अडचणीचा असतो, त्या व्यवस्थेने स्वतःचेही परीक्षण करावे.

आणखी एक धोका काळाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले, पुढे आणखी दोनदा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच घाला घातला. तरीही ग्रंथ वाचला, कारण भाविकांनी हाताने त्याच्या नकला उतरून घरांत जपल्या होत्या. जे लोकांच्या हाती असते ते टिकते, हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा स्वतःचा अनुभव आहे. एखाद्या कंपनीने उद्या एखादी मराठी मालिका आपल्या यादीतून काढली, तर तिची नक्कल कोणत्या घरात असेल? 'द डिसायपल'मधील माईंच्या फितींसारखी ती एखाद्या संग्राहकाच्या कपाटात असली तर असेल.

तेव्हा मागणी काय करावी? पहिली, अनन्य हक्काला मुदत असावी. निर्मात्याने आणि कंपनीने वर्ष-दीड वर्ष आपला लाभ घ्यावा, त्यानंतर ती मालिका वा चित्रपट एखाद्या खुल्या वाहिनीवर यावा. दुसरी, महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. ज्या चित्रपटाने जनतेच्या पैशाचा टेकू घेतला, तो ठरावीक काळानंतर दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जनतेला दिसलाच पाहिजे, ही अट अनुदानाच्या कागदावर लिहिणे अवघड नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये 'वेव्हज' नावाची स्वतःची सेवा सुरू केली, त्यामुळे जागेची अडचणही सांगता येणार नाही. तिसरी मागणी लहान आहे: ग्रंथालयांना आणि चित्रपट मंडळांना माफक शुल्कात सामूहिक प्रदर्शनाचा परवाना मिळावा.

यांतील कोणतीही मागणी कलावंताच्या पोटावर येत नाही. ताम्हाण्यांचा चित्रपट अधिक लोकांनी पाहिला तर ताम्हाण्यांचे नुकसान होणार नाही, आणि 'मानवत मर्डर्स' वाडीवरच्या प्रेक्षकाने पाहिली तर तिच्या कर्त्यांना त्याचा अभिमानच वाटेल. नुकसान आज प्रेक्षकाचे होत आहे, आणि त्याहून अधिक मराठीचे. 'लागिरं झालं जी' लांबली, विस्कटली, पण तिच्याविषयी बोलायला फलटणमध्ये कोणाला परवानगी लागली नाही. तिच्याहून सरस कृती मराठीत आज निर्माण होत आहेत. त्यांच्याविषयीही आपल्याला तसेच, सर्वांनी पाहून, सर्वांनी भांडून बोलता आले पाहिजे.